तीन चुका, माल बाद

शर्टांच्या कारखान्यात ताईच्या टेबलावरून पास होऊन गेलेला शर्ट पुढे कुठे नापास झाला, असं अठ्ठावीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. हे ती स्वतःच सांगायची, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगायची. शिवणखात्याच्या टोकाला खिडकीपाशी तिचं लांबलचक टेबल, डोक्यावर दोन ट्यूबलाइट, डाव्या हाताला शिवून आलेल्या शर्टांचा ढीग, उजव्या हाताला तीन टोपल्या. शर्ट उचलायचा, उलटा करायचा. कॉलर, खांदा, बगल, बाही, काजं, बटणं. कुठे टाका सुटला की तिथे लाल गोल स्टिकर. एक किंवा दोन स्टिकर लागले तर शर्ट दुरुस्तीला. तीन लागले की बाद. मग चौथी चूक शोधत बसायचं नाही, कापड कितीही चांगलं असो, शिवणारी कितीही गयावया करो. शर्ट टोपलीत आणि हात पुढच्या शर्टावर. शिवणाऱ्या बायका तिला समोर ‘चेकरबाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘भिंग’. ते तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

घरात ती सगळ्यात थोरली. पाठचा भाऊ, मग मधली काही वर्षं कोणीच नाही, आणि मग शेंडेफळ, तिला सगळे धाकटीच म्हणत. ताईचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांत ती एकटी राहायची आणि उरलेला सगळा जीव फोनमधल्या ‘आपली माणसं’ या गटावर लावायची. गटात तेवीस जण. पूर्वी तिथे सुप्रभात, फुलं, नातवंडांचे फोटो असं काय काय चालायचं. मग एकदा भावजयीला कोणीतरी मिक्सरचं बक्षीस लागल्याचं कळवलं. या बाईनं हरखून जाऊन फोनवर आलेला सहा आकडी कोड त्याला वाचून दाखवला आणि महिन्याचा घरखर्च बसल्या जागी गेला. त्या दिवशी ताईनं पदर खोचला.

तिनं गटावर नियम टाकले. अनोळखी लिंक दाबायची नाही. कोड सख्ख्या नवऱ्यालाही सांगायचा नाही. जो घाई करतो तो चोर समजायचा. बक्षीस, लॉटरी, घरबसल्या नोकरी, परदेशातला एकटा डॉक्टर, हे दिसलं की पुसून टाकायचं. नियम सोळा आणे खरे होते, त्यांना नाव ठेवायची सोय नाही. पुढे पुढे तर कोणताही संशयाचा निरोप आला की लोक तो ताईपुढे टाकायचे, आणि ताई तो टेबलावरच्या शर्टासारखा उलटासुलटा करून खाली लाल ठिपके द्यायची. एक, दोन, तीन. ‘बाद.’ की सगळ्यांनी पुसायचं आणि तो नंबर ब्लॉक करायचा.

आता हेही सांगितलं पाहिजे की तिनं माणसं वाचवली. बँकेचा साहेब म्हणवून घेणाऱ्या एका लबाडानं काकांना बोलण्यात असं गुंतवलं होतं की काका कार्डाचे आकडे वाचायला चष्मा शोधत होते. ताईनं काकूला दुसऱ्या फोनवरून सांगितलं, “आधी चष्मा लपव!” काकांची पेन्शन वाचली. पण आत्तेभावाच्या मुलीची लग्नपत्रिकाही तिनंच बाद केली होती. नंबर नवा म्हणून एक ठिपका, पत्रिका फाइलमध्ये म्हणून दुसरा, आणि ‘नक्की या, वाट पाहतोय’ यात घाई दिसते म्हणून तिसरा. अर्धं गणगोत लग्नाला गेलंच नाही. आत्तेभाऊ तेव्हापासून तोंड फुगवून बसला होता. ताईचं म्हणणं, त्यानं फोन करून बोलवायला हवं होतं.

एवढ्यावर निभावलं असतं तर कसला प्रश्न होता! पण दोन वर्षांपूर्वी, एका दुपारी, चहाच्या सुट्टीत ताईच्या फोनवर एक निरोप आला. ‘ताई, मी बोलतेय. माझा फोन पडून बंद झालाय. ह्यांना दवाखान्यात आणलंय. या नंबरवर लगेच फोन कर.’

ताईनं चष्मा नाकावर ओढला. नंबर नवा. एक. लगेच म्हणजे घाई. दोन. आणि धाकटी तिला जन्मात नुसतं ताई म्हणाली नव्हती, लाडानं म्हणा की खोडसाळपणानं म्हणा, ‘ताईसाहेब’ म्हणायची. तीन. झालं! चौथं बघायची सवयच नव्हती हाताला. धाकटीच्या शेजारणीचा नंबर ताईच्या फोनमध्ये होता. धाकटी ज्या शाळेत शिकवायची तिथल्या ऑफिसचाही होता. पण तीन चुकांनंतर ताईनं शर्टाकडे पाहिलं असतं तर याही निरोपाकडे पाहिलं असतं. तिनं तो गटावर टाकला, खाली तीन लाल ठिपके दिले आणि लिहिलं, ‘धाकटीच्या नावानं नवा भामटा आलाय. कोणीही फोन करू नये.’ नंबर ब्लॉक केला. खाली सहा जणांनी अंगठे दिले. भावानं लिहिलं, ‘ताई, तुझी नजर म्हणजे नजर!’

तो फोन दवाखान्यातल्या एका नर्सचा होता. नवऱ्याच्या छातीत कळ आली तेव्हा धाकटीचा फोन जिन्यात पडून फुटला होता, आणि साऱ्या जगातला एकच नंबर तिला तोंडपाठ होता, तो ताईचा. नवऱ्याला आत नेलं आणि ती ऑपरेशनच्या दारासमोरच्या बाकावर सात तास एकटी बसून राहिली. नर्सनं बिचारीनं पुन्हा दोनदा फोन लावून दिला. लागला नाही.

माणूस वाचला, एवढं बरं झालं. पण दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या फोनवरून धाकटीनं ताईला गाठलं आणि विचारलं, “काल माझा निरोप मिळाला नाही का गं?” तेव्हा ताईनं काय म्हणावं? म्हणाली, “अगं, पण तू नेहमीसारखं ताईसाहेब का नाही लिहिलंस?”

धाकटी म्हणाली, “थट्टा सुचत नव्हती.” आणि फोन ठेवला. संध्याकाळी तिनं गटही सोडला.

रविवारी दुपारी चार वाजता धाकटीचा फोन यायचा, गेली वीस वर्षं यायचा. काही खास नसायचंच त्यात. शाळेतल्या मुलांचे प्रताप, नवऱ्याचं घोरणं, ताईच्या गुडघ्यांची चौकशी. तो बंद झाला. ताई जो भेटेल त्याला पटवून द्यायची, “माझ्या जागी कोणीही असतं तरी हेच केलं असतं. नियम बहिणीला वेगळा कसा?” समोरचा मान डोलवायचा. पण दर रविवारी पावणेचारला ती फोन चार्जिंगवरून काढून मांडीवर घेऊन बसायची. दोनचारदा तिनं ‘कशी’ एवढं लिहिलं आणि पुसलं. माफी मागायची म्हणजे आपल्या टेबलावरून चुकीचा निकाल गेला हे कबूल करायचं, आणि ते शब्द काही केल्या तिच्या बोटांतून उतरत नव्हते. पुढच्या वर्षी ती निवृत्त होणार होती. त्यानंतर दिवसभर कोणाशी बोलायचं, याचा विचारच ती टाळायची.

अशातच एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत भावाचा फोन आला. “ताई, तुझ्या नावानं कोणीतरी दुसरं खातं काढलंय गं! फोटोसुद्धा तुझाच आहे, चष्मा डोक्यावर सरकवलेला.”

“माझ्या नावानं?” ताई जेवता जेवता उभी राहिली. “माझ्या? बरा मिळाला मेल्याला माणूस!”

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चोरानं पोलीसचौकीतच घर करावं, तसला प्रकार. पण ती चेकर होती, डोकं ठिकाणावर ठेवून कामाला लागली. खोट्या खात्याची तक्रार केली. गटावर लिहिलं, ‘ती मी नव्हे. कोणी काही पाठवू नये, लिंक दाबू नये, सगळ्यांनी तक्रार करा.’ आणि मग उत्तरांची वाट पाहू लागली. कोण कोण फसलं असेल, याची ती बोटांवर मोजदाद करू लागली.

कोणीच फसलं नव्हतं. एकूण एक जणानं चोर बरोबर ओळखला होता, आणि कसा ओळखला हे सांगायची आता गटावर चढाओढ लागली.

भावानं लिहिलं, ‘मला विचारलं, भाऊराया, तब्येत कशी आहे? मी तिथेच ओळखलं! ताई असती तर म्हणाली असती, गोळ्या घेतल्यास का आजही विसरलास?’

भावजय म्हणाली, ‘मला लिहिलंय, तू घर किती छान ठेवतेस. मी हसून हसून लोटपोट.’

भाचीनं लिहिलं, ‘मला बदामाचं चित्र पाठवलं. आत्या आणि बदाम!!’

काका म्हणाले, ‘मला म्हणे, तुमची फार आठवण येते. मी काकूला म्हटलं, ही आपली पोर नव्हे.’

आत्तेभाऊ इतक्या दिवसांनी तोंड उघडायचा मोका का सोडेल? त्यानं लिहिलं, ‘मला मुलीच्या संसाराबद्दल आशीर्वाद दिले. म्हटलं, पत्रिका न उघडणारी बाई आशीर्वाद कुठून देणार?’

आणि शेवटी सगळ्यांनी मिळून, ‘ताई, हे सगळं तुझंच शिक्षण बरं का!’ खाली टाळ्या, फुलं, अंगठे.

पहिल्या दोन उत्तरांना ताईची छाती फुगली. तिसऱ्याला ती हसली. पाचव्यानंतर तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला. खातं पाचसहा दिवसांपूर्वीचंच होतं, फोटो धूसर होता, नावात एक अक्षर जास्तीचं होतं. शिकवल्याप्रमाणे यातलं कोणी काही तपासलंच नव्हतं. तपासायची गरजच पडली नव्हती. निरोप गोड आहे, त्या अर्थी तो ताईचा नाही, एवढी एकच खूण सगळ्या गटाला पुरली होती. ताईला रडू आलं नाही, पण डबा तिनं तसाच झाकून ठेवला.

तेवढ्यात तक्रारीचं उत्तर आलं. ‘आम्ही हे खातं तपासलं. त्यात काहीही गैर आढळलं नाही.’ म्हणजे खोटी ताई पास! ताईनं संतापून ते खातं स्वतःच उघडलं आणि कोण कोण या भामट्याच्या ओळखीचं झालंय ते पाहिलं. यादीत एकच नाव होतं. धाकटीचं.

धाकटी गटात नव्हती. तिला कोणी सावध केलेलं नव्हतं. आणि ती भोळी, मऊ, कोणी चार शब्द बरे बोललं की विरघळणारी. नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी बाजूला ठेवलेलं सगळं त्या चोरानं आत्तापर्यंत धुऊन नेलं असेल, आणि तेही ताईच्या तोंडानं मागून! पुन्हा ताईमुळेच. ती उठली, जिन्याखाली पाण्याच्या टाकीपाशी गेली, आणि दोन वर्षांत जे जमलं नव्हतं ते तिनं केलं. नंबर लावला.

“हॅलो,” धाकटी म्हणाली.

“मी बोलतेय. खरी.”

“आवाजावरून कळलं.”

“हे बघ, आधी ऐक. माझ्या नावानं एक भामटा फिरतोय. त्याला दमडी द्यायची नाही, कोड सांगायचा नाही, कसली लिंक आली तर—”

“चार दिवस झाले, बोलतेय मी तिच्याशी.”

“तिच्याशी? अगं, ती बाई आहे का बुवा आहे, देव जाणे! बोललीस तरी काय?”

“तिनं विचारलं ते सांगितलं. आधी विचारलं, कशी आहेस. मग ह्यांची तब्येत विचारली. मग म्हणाली, थकलीस का गं, शाळा आणि घर दोन्ही करून.”

“आणि तुला कळलं नाही?”

“पहिल्या ओळीलाच कळलं,” धाकटी म्हणाली. “कशी आहेस म्हटल्यावर.”

ताईनं टाकीचा काठ धरला. हे आज ती सहाव्यांदा ऐकत होती, पण इथे कोणी हसत नव्हतं.

“कळलं होतं तर बोलत कशाला बसलीस?”

“ती विचारत होती म्हणून.” धाकटी म्हणाली. “तिसऱ्या दिवशी मी तिला त्या बाकाबद्दल सांगितलं. म्हटलं, सात तास बसले होते, तुझा फोन लागत नव्हता. तर तिनं लिहिलं, माझं चुकलं. मी धावत यायला हवं होतं. तू एकटी बसलीस आणि मी नव्हते, मला माफ कर. ते वाचून मी रडले गं. शाळेच्या स्टाफरूममध्ये, येड्यासारखी. माहीत असून.”

“आणि मग पैसे मागितले असतील.”

“काल सकाळी. फोन बिघडलाय, अडचण आहे, संध्याकाळी परत करते, सगळं तू सांगायचीस तसंच.”

“दिलेस?”

“छे! खुळी आहे का मी? नाही म्हटलं. तर गेली. मग एक अक्षर लिहिलं नाही.”

ताईचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या तिला धाकटीचा रागच आला. “अगं, पण तो चोर होता! चोराशी कसलं मन मोकळं करायचं?”

“हो ना,” धाकटी म्हणाली. “चोराला जमलं.”

वर सुट्टी संपल्याची घंटा झाली. “जा,” धाकटी म्हणाली, “शर्ट थांबले असतील तुझे.” आणि तिनं फोन ठेवला.

ताई टेबलापाशी आली. डाव्या हाताचा ढीग दुपारच्या मानानं बराच वाढला होता. तिनं एक शर्ट उचलला, उलटा केला, कॉलर पाहिली, खांदा पाहिला, आणि आपण काय पाहिलं ते तिला आठवेना. पुन्हा कॉलरपासून सुरुवात केली. मग शर्ट खाली ठेवला, सुपरवायझरकडे गेली आणि अर्ध्या दिवसाची रजा मागितली. सुपरवायझरनं आधी तिच्याकडे, मग घड्याळाकडे पाहिलं. “चेकरबाई, बरं नाही का?” त्यानं घाबरून विचारलं.

धाकटीचं गाव बसनं दोन तासांवर. खिडकीशी बसून ताई काय बोलायचं याची जुळवाजुळव करू लागली. ‘माझं चुकलं’ म्हणावं तर ते त्या मेल्यानं म्हणून झालं होतं. ‘धावत यायला हवं होतं’, तेही झालं. ‘मला माफ कर’, तेही. भामट्यानं तिचं नाव नेलं, फोटो नेला, ते एक वेळ ठीक. पण बोलायचे सगळे चांगले शब्दही उचलून नेले होते, आणि आता तेच शब्द बोलायला गेलं तर आपणच नकलाकार ठरणार. आणि काय सुंदर लिहिलं होतं लबाडानं! ना आढेवेढे, ना सबबी. एक टाका सुटलेला नव्हता कुठे. दोन वर्षं आपण एक ओळ लिहू शकलो नाही आणि एका परक्या चोराला ती चार दिवसांत सुचली, या विचारानं ताईला आता मात्र रडू आलं. शेजारच्या बाईनं तिला खिडकी बंद करू का म्हणून विचारलं.

दारावरची बेल तिनं दोनदा दाबली. धाकटीनं दार अर्धवट उघडलं. केस पुष्कळ पिकले होते तिचे. ताईच्या तोंडून आपोआप निघून गेलं, “कशी आहेस?”

“किती पैसे हवेत?” धाकटी म्हणाली.

धाकटी हसली नाही, दाराला हात लावून तशीच उभी राहिली. आतून मेहुण्यांचा आवाज आला, “कोण आहे गं?”

“ताई.”

“कुठली?”

“अजून कळलं नाही,” धाकटी मान न वळवता म्हणाली. “काही बोललेली नाही.”

ताईनं पर्स या हातातून त्या हातात घेतली. घसा खाकरला. “माझं चुकलं,” ती म्हणाली. आवाज इतका खरखरीत निघाला की तिचा तिलाच ओळखू येईना. “एक फोन करायचा होता. शेजारणीला केला असता तरी कळलं असतं. केला नाही. तू तिथे बसून राहिलीस, आणि मी इथे... मी इथे ठिपके देत बसले.” धाकटीचे डोळे भरले. आणि इथे थांबायचं ना माणसानं! पण अठ्ठावीस वर्षांची जीभ, ती कुठली थांबायला! “पण तूसुद्धा गं, एवढी शिकलेली तू, दुसरा एखादा नंबर पाठ करून ठेवायला काय—”

तिनं जीभ चावली. तोंडावर हात ठेवला. संपलं सगळं, असं तिला वाटलं.

धाकटीनं डोळे पुसले आणि आत वळून मोठ्यानं सांगितलं, “खरी आहे हो! आपलीच आहे!” आणि दार सताड उघडलं.